बोराकायसारखे गोव्याचे बीच सहा महिने बंद ठेवले तर समुद्र साफ होईल का?

माझं सरळ मत, नुसतं बंद ठेवून नाही होणार. मी बार्देशातला, आमचं घर कळंगुटजवळ, मागच्या अंगाला चार खोल्या आहेत त्या टुरिस्टांना भाड्याने देतो, म्हणजे हा प्रश्न आमच्या पोटाचाही आहे.

फिलिपिन्सने आपलं बोराकाय बेट 26 एप्रिल 2018 पासून सहा महिने बंद ठेवलं हे खरंय, पण नुसतं टाळं लावून बसले नाहीत, कोणत्या हॉटेलचं सांडपाणी कुठे जातं ते शोधलं, समुद्रात चोरून सोडलेले पाइप काढले, किनाऱ्याला चिकटून बांधलेलं पाडलं आणि परत उघडताना बेटावर एका वेळी साधारण 19 हजार टुरिस्ट एवढीच मर्यादा घातली. बंदच म्हणाल तर आपल्याकडेही पावसाळ्यात शॅक, म्हणजे वाळूवरची तात्पुरती हॉटेलं, निघतात, पाण्यात उतरायला बंदी असते, आणि ऑक्टोबर लागला की परत तेच पाणी तोच वास, कारण घाण येते ती किनाऱ्यावरून कमी आणि आमच्या घराहॉटेलांच्या खालून जास्त.

हे कसं होतं ते हवाईतल्या माउई बेटावर फार स्पष्ट दिसलं. लाहैनाला प्रक्रिया केलेलं सांडपाणी जमिनीत खोल विहिरी मारून सोडत होते, समुद्रात पाइप नाही म्हणजे प्रदूषण नाही असं म्हणणं होतं, मग 2011 मध्ये त्या विहिरींत रंग टाकून बघितलं तर 84 दिवसांनी तो किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळातून वर यायला लागला. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि 2020 मध्ये कोर्टाने सांगितलं की जमिनीतून फिरून गेलं तरी ते समुद्रात सोडल्यासारखंच असेल तर परवाना लागणार. आता आमच्या पट्ट्यात बघा, खाली वाळू, थोडं वर गेलं की चिऱ्याचा दगड, दोन्हींतून पाणी झिरपतं आणि त्यातच सगळ्यांचे सोक पिट, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवायचे शोषखड्डे.

आमच्या विहिरीचं पाणी आई देवाला वापरायची. शेजारी बिल्डिंग उभी राहिली आणि दोन वर्षांत घागर भरली की वर साबणासारखा फेस, उन्हाळ्यात वास, शेवटी पिणं बंद केलं. व्हाळ, म्हणजे ओढा, समुद्राला मिळतो तिथल्या दगडांवर एप्रिलमध्ये केसांसारखं हिरवं शेवाळ धरतं, पाय ठरत नाही. तिथल्या तिसऱ्या (खायचे शिंपले) आम्ही आता खात नाही, कारण तिसरी पाणी गाळून जगते, पाण्यात जे असेल ते तिच्यात येतं.

म्हणून आधी सीवरेज लाइन हवी, आणि जिथे लाइन टाकून झालीय तिथे कनेक्शन घेणं सक्तीचं. हवाईने 2017 मध्ये कायदाच केला की 80 हजारांहून जास्त शोषखड्डे 2050 पर्यंत बंद करायचे, मुदत लांब आहे पण निदान तारीख तरी ठरली.

तुम्ही गोव्यातले असाल तर ग्रामसभेत लेखी विचारा की नवीन बिल्डिंगला परवानगी देताना सांडपाणी कुठे जाणार ते बघितलं का, आणि आपल्या बीचच्या पाण्याचा रिपोर्ट मागा, अंघोळीच्या समुद्राला फिकल कोलिफॉर्मची, म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची, मर्यादा 100 मिलिलिटरला 100 आहे, तेवढा एकच आकडा बघितला तरी पुरे. आणि टाकी उपसायला टँकर बोलावला तर तो कुठे रिकामा होणार ते विचारा, मी एकदा रात्री आमचीच टाकी उपसून गेलेला टँकर पुढच्या वळणावर शेतात पाइप सोडून उभा बघितलाय, तेव्हापासून सांडपाण्याच्या प्लांटवर रिकामा केल्याची पावती दाखवल्याशिवाय पैसे देत नाही.