डुकराची पिल्लं घेण्याआधी एवढं बघ

भाऊ, स्वस्त मिळतात म्हणून एकाच विणीतली नर-मादी जोडी घेऊ नकोस. रक्त जवळचं झालं की पिल्लं कमी होतात, खुरटतात. लार्ज व्हाइट यॉर्कशायर आणि लँडरेस या दोन जातींच्या संकरित माद्या घे, त्यांना ड्युरॉक जातीचा नर लाव. ड्युरॉकमुळे मांसात बारीक चरबी उतरते, ते रसाळ लागतं.

खच्ची न केलेला नर कमी खाद्यात जास्त मांस देतो, हे खरं. पण वयात आल्यावर त्याच्या चरबीत अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल ही वास मारणारी द्रव्यं साठतात. शिजवताना असा उग्र दर्प सुटतो की गिऱ्हाईक परत येत नाही! म्हणून लहानपणीच, पहिल्या दोन आठवड्यांत, पशुवैद्यकाकडून खच्ची करून घे. खच्ची नर मादीपेक्षा भराभर वाढतो, पण चरबीही धरतो. त्यांना वेगळ्या गाळ्यात ठेव आणि शेवटच्या टप्प्यात खाद्य मोजूनच दे.