घरी डीएनए वेगळा काढायचा प्रयोग करून झाला, आता संशोधनाकडे कसं वळायचं?

जनुकं बदलायची घाई करू नकोस. आधी आकड्यात उत्तर मिळेल असा एकच प्रश्न घे. उदाहरणार्थ, मिठाने यीस्टमधून निघणारा वायू किती घटतो?

प्रत्येक बाटलीत ३५ अंश सेल्सिअसचं १०० मिलि पाणी, ५ ग्रॅम साखर, २ ग्रॅम कोरडं यीस्ट घे. मीठ ०, १, २, ४ ग्रॅम. तोंडाला फुगा लावून दर १० मिनिटांनी त्याचा घेर दोऱ्याने मोज. फुगे आधी एकदा फुगवून सैल करून घे, नाहीतर रबराच्या ताणामुळे मोजमाप फसतं.

नवखे चुकतात ते इथेच: प्रत्येक प्रमाणाची एकच बाटली ठेवतात. किमान तीन हव्यात, शिवाय एक बिनयीस्टची. सगळ्या एकाच कोमट पाण्याच्या टबात ठेव. तापमान वेगळं पडलं तर फरक मिठाचा की उष्णतेचा, कळणार नाही.

बिघडलेला प्रयोगही तारखेसह वहीत लिही. आकडा चुकला तर एकच रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे.

हातावरचे, नाकातले जंतू घरी वाढवू नकोस. काय वाढलंय ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही.

मार्गदर्शकाला लिहिताना ‘मला शिकवा’ एवढंच नको. एका पानात प्रश्न, तक्ता आणि कुठे अडलंय ते पाठव.