राग घामावाटे जात नाही

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

गुरुवारी संध्याकाळी तू तालमीत शिरलास तेव्हाच माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. मला नमस्कार केलास, पण माती कपाळाला लावायची राहिली. लगेच बैठका सुरू केल्यास. ओठ हलत होते, पण तू आकडे मोजत नव्हतास. मनातल्या मनात कोणाशी तरी भांडत होतास. दीडशेच्या पुढे मांड्या थरथरायला लागल्या तरी थांबेनास. मी हाक मारली तर म्हणालास, "राग घामावाटे काढतोय, वस्ताद." मग नळावर हातपाय धुताना सांगितलंस, साहेब चारचौघांत काय बोलले ते.

पोरं आजूबाजूला होती, म्हणून तेव्हा गप्प राहिलो. पण रात्री झोप लागेना. तुझ्याच वयाचा असताना हेच वाक्य मी माझ्या वस्तादांना ऐकवलं होतं.

१९८९ साल. वडील गेले आणि वर्षाच्या आत आमच्या बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या घराची वाटणी झाली. मागचा चौक थोरल्या भावाकडे गेला. मी रोज पहाटे चारशे बैठका मारायचो आणि प्रत्येक बैठकीला भावाचा चेहरा समोर आणायचो. एका रविवारी तसाच घामेजलेला घरी आलो. आईने पोह्यांची बशी पुढे ठेवली आणि सहज म्हणाली, "त्यालाही थोडे नेऊन दे." ती बशी मी भिंतीवर फेकली. आई एक शब्द बोलली नाही. ओलं फडकं आणून हळदीचा डाग पुसत बसली. डाग पुरता निघाला नाही. पुढे घराला रंग लावेपर्यंत सहा वर्षं जेवायला बसलं की तो समोर दिसायचा.

इतका व्यायाम करूनही असं का झालं, हे मला फार उशिरा समजलं. डॉल्फ झिलमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधी माणसांना डिवचलं, मग काहींना सायकल मारायला लावली, काहींना बसून करायचं हलकं काम दिलं आणि त्यानंतर परतफेडीची संधी दिली. सायकल मारून आलेल्यांनी जास्त जोरात परतफेड केली. व्यायाम थांबला तरी अंगातली धग लगेच विझत नाही. आपल्याला वाटतं आपण शांत झालो, पण नाडी अजून चढलेली असते. तेवढ्यात समोर जे येईल त्याच्या नावावर ती सगळी धग जमा होते. माझ्या बाबतीत पोह्यांची बशी समोर आली.

२००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी सुमारे सहाशे विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग तर थेट तुझ्या गुरुवारचाच आहे. ज्याचा राग आला त्याचा चेहरा आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग सगळ्यात जास्त वाढला. काहीच न करता बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. २०२४ मध्ये याच बुशमन यांनी सोफी केरविक यांच्याबरोबर १५४ अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष हाच, की अंग तापवणाऱ्या गोष्टींनी राग उतरत नाही. अंग निववणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, शिथिलीकरण यांनी उतरतो.

मग तू विचारशील, तालमीत यायचं तरी कशाला? यायचंच. राग हा एकच त्रास नाही. उदासी असते, धास्ती असते, एकाच गोष्टीभोवती घिरट्या घालणारं मन असतं. हार्वर्डच्या एमिली बर्नस्टाइन आणि रिचर्ड मॅकनॅली यांनी काही जणांना अर्धा तास जॉगिंग करायला लावलं, काहींना नुसतं स्ट्रेचिंग. मग सगळ्यांना एक रडवणारा प्रसंग पडद्यावर दाखवला. ज्यांना एरवी स्वतःला सावरणं जमत नाही, त्यांच्यात पळून आलेल्यांचं दुःख शेवटी कमी राहिलं होतं. म्हणजे व्यायामाने दुःख येणं थांबलं नाही, ते आल्यावर सावरायचं बळ मिळालं. मला याच्यात फार मोठी आशा दिसते, आणि हे बळ सगळ्यात जास्त त्यालाच मिळतं ज्याला त्याची गरज आहे.

म्हणून आता असं कर. येण्याआधी वहीत एक ओळ लिही: आज काय घेऊन आलोय. वही मिटली की साहेब बाहेर राहिले. मग व्यायाम कसून कर, इतका की बोलताना तीन-चार शब्दांवर धाप लागली पाहिजे. तेवीस वर्षांच्या अंगाला नाडी मिनिटाला साधारण १४० ते १६५ इथपर्यंत चढली म्हणजे कस लागला समज. दोन मिनिटं जोर, मग चालत दम घे, पुन्हा जोर. आकडे मोठ्याने मोज, म्हणजे डोक्यात दुसऱ्या कोणाला जागा उरणार नाही. आणि मल्लखांब सोडू नकोस. एरंडेल लावलेल्या खांबावर उलटा लटकलेला माणूस कोणाचा अपमान आठवत बसत नाही. मांडीची पकड सैल झाली की खांबच त्याला जागा दाखवतो.

खरं काम त्यानंतरचं, आणि नेमकं तेच आपण सोडून देतो. शेवटचा जोर झाला की गाडीला किक मारून निघायचं नाही, मोबाइल उघडायचा नाही, कोणाला फोन तर मुळीच करायचा नाही. बशी फेकल्याचं कळल्यावर माझे वस्ताद मला ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी बैठका झाल्यावर मला सुरसागरला घेऊन गेले आणि न बोलता तळ्याला फेरी मारवली. तेव्हा तळ्याच्या मधोमध महादेवाची मूर्तीही नव्हती, नुसतं पाणी. फेरी संपल्यावर एवढंच विचारलं, "आता सांग, हे काय आहे?"

मी म्हणालो, संताप. ते म्हणाले, नीट बघ. दुसऱ्या फेरीला मला उमगलं, की वडील गेल्यावर घरात मला कोणी काही विचारलंच नाही, त्याचं ते दुःख होतं. चौक निमित्त होता.

आपल्या भाषेत यासाठी किती शब्द आहेत बघ. चीड वेगळी, संताप वेगळा, खंत वेगळी, रुखरुख वेगळी, अपमान सलणं वेगळं. नेमका शब्द सापडला की भावनेची पकड ढिली होते. श्वास आत घ्यायला लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दे आणि शब्द शोध. मग स्वतःला नावाने हाक मारून विचार, मित्राला विचारतोस तसं: अमक्या, झालं काय, आणि याचा दुसरा अर्थ काय असू शकतो? साहेब बोलले ते चुकलंच. पण "मी नालायक आहे" आणि "मला ते काम कोणी दाखवलंच नव्हतं" या दोन वाक्यांत किती अंतर आहे! दुसरं वाक्य घेऊन तू सोमवारी त्यांच्याकडे जाऊ शकतोस. यालाच जेम्स ग्रॉस हे मानसशास्त्रज्ञ प्रसंगाकडे नव्याने पाहणं म्हणतात, आणि दाबून टाकण्यापासून ते वेगळं काढतात. चेहरा कोरा ठेवून दाबलं की आतली धग तशीच राहते, उलट शरीरावरचा ताण वाढतो.

हे परदेशातलं शहाणपण आहे असं समजू नकोस. डभोईला १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गुणे इथेच बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली जुम्मादादा व्यायाम मंदिरात घडले. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढून श्वासाचा शरीरावर काय परिणाम होतो ते यंत्रांनी मोजायला लागले. घाम गाळणं आणि श्वास सांभाळणं ही एकाच माणसाची दोन कामं आहेत, हे आपल्या गावाला शंभर वर्षांपासून माहीत आहे.

एक ताकीद. गुरुवारसारख्या बैठका पुन्हा नकोत. सवय नसताना रागाच्या भरात एकदम शेकडो मारल्या तर स्नायू फुटतात आणि त्यातला अंश मूत्रपिंडावर जातो. मांड्या सुजल्या, लघवी चहासारखी काळपट झाली तर त्याच क्षणी दवाखाना गाठ, मला विचारायला थांबू नकोस. आणि दोन-दोन आठवडे झोप नाही, कशात जीव लागत नाही, जगावंसं वाटत नाही असं झालं, तर ते बैठकांचं काम नव्हे. १४४१६ ला फोन लाव, टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत. किंवा रात्री कितीही वाजता माझी कडी वाजव. मी सोबत येईन.

मंगळवारी साडेपाचला ये. वही आण, जुनी अर्धी भरलेली चालेल. खांबाला एरंडेल मी लावून ठेवतो. व्यायाम झाला की आपण दोघं सुरसागरला जाऊ.

तुझा,
वस्ताद