बेंचवर बसलेला माणूस गुरु कसा?

चि. ईशान,
अनेक आशीर्वाद.

कॅम्पवरून तुझा मेसेज आला. आजोबा म्हणतात, गुरुपौर्णिमेला कोचच्या पाया पड. तुझा प्रश्न असा, की तुमचे अमेरिकन फुटबॉलचे कोच कॉलेजात चारही वर्षं बॅकअप क्वार्टरबॅक (पास फेकून हल्ला चालवणाऱ्याचा राखीव गडी) होते, मैदानात फारसे उतरलेच नाहीत, मग आपल्या मराठी रीतीप्रमाणे असा माणूस गुरु होतो का?

होतो. तुझ्याच खेळातलं उदाहरण देते, म्हणजे पटकन पटेल. फ्रँक राइकची कारकीर्द बघ.

राइक एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, १४ हंगाम होता. प्लेऑफ (हंगामाअखेरचे बाद फेरीचे सामने) सोडले तर त्यातले जेमतेम २० सामने त्याने पहिला क्वार्टरबॅक म्हणून सुरू केले. १९८५ साली बफेलो बिल्सने त्याला ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) तिसऱ्या फेरीत घेतलं आणि पुढच्याच वर्षी तिथे पहिला क्वार्टरबॅक म्हणून जिम केली आला. त्यानंतर राइकचं काम एकच, तयार राहायचं.

हे तयार राहणं म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आठवड्याच्या सरावात जवळजवळ सगळे स्नॅप (चेंडू हातात येऊन चाल सुरू होणं) पहिल्या क्वार्टरबॅकला मिळतात. बॅकअपच्या वाट्याला येते स्काउट टीम. येत्या रविवारी समोर जो संघ असेल त्याचे प्ले (आखलेल्या चाली) कार्डावर बघायचे आणि आपल्याच डिफेन्सपुढे चालवायचे. म्हणजे हातपाय दुसऱ्याच्या प्लेबुकमध्ये, डोकं आपल्या. सामन्याच्या दिवशी साइडलाइनवर उभं राहून प्रत्येक ड्राइव्हनंतर (सलग चढाईनंतर) फोटो चाळायचे आणि केलीला सांगायचं, की सेफ्टी (डिफेन्सचा सगळ्यांत मागचा गडी) स्नॅपच्या आधी कुठे उभा होता आणि नंतर कुठे सरकला. जो स्वतः खेळत असतो त्याला अंगावर धावून येणारे दिसतात. कडेला उभ्या माणसाला बावीसही जण दिसतात. बहुतेक बॅकअप इथेच घसरतात. आपला नंबर काही लागत नाही असं म्हणून फिल्म बघणं कमी करतात, आणि अचानक उतरावं लागलं की पहिल्याच थ्रोला पास पकडणाऱ्या एकाच रिसीव्हरवर नजर खिळवून ठेवतात. सेफ्टी ती नजर वाचतो आणि चेंडूच्या आधी तिथे पोचतो.

३ जानेवारी १९९३. केलीचा गुडघा दुखावलेला, समोर ह्यूस्टन ऑइलर्स, सामना बफेलोत. मध्यंतराला २८–३ अशी पिछाडी. तिसरा क्वार्टर सुरू होतो न होतो तोच राइकचा पास बबा मॅकडॉवेलने मधेच पकडला आणि ५८ यार्ड पळत जाऊन टचडाऊन केला (चेंडू टोकाच्या पट्ट्यात नेला). ३५–३. काही प्रेक्षक उठून घरी निघाले. त्यानंतर राइकने एका फटक्यात सगळं वसूल करायला लांब लांब चेंडू फेकले नाहीत. आधी छोट्या पासेसची एक ड्राइव्ह, शेवटी केनेथ डेव्हिसची एका यार्डाची धाव. मग स्टीव्ह क्रिस्टीने ऑनसाइड किक (चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेली आखूड किक) मारून चेंडू स्वतःच ताब्यात घेतला, आणि पाठोपाठ डॉन बीबीला ३८ यार्डांचा पास. (बीबीचा पाय मधे रेषेबाहेर पडला होता, पंचांना दिसला नाही. नशीबही लागतंच.) पुढे आंद्रे रीडला तीन टचडाऊन. ओव्हरटाइममध्ये नेट ओडम्सचं इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच पकडणं), क्रिस्टीचा ३२ यार्डांचा फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक, तीन गुण), ४१–३८. कुणाला हा निव्वळ योगायोग वाटत असेल तर १९८४ सालचा मेरीलँड विद्यापीठाचा मायामीविरुद्धचा सामना काढून बघ. मध्यंतराला ३१–० मागे, राइक दुसऱ्या अर्धात बदली म्हणून उतरला, शेवट ४२–४०.

खेळ सोडल्यावर तो ताबडतोब कोच झाला नाही. धर्मशास्त्राचं शिक्षण घेतलं, शार्लटच्या सेमिनरीचा प्रमुख होता, पाद्री म्हणून काम केलं. २००६ साली, चाळिशी उलटल्यावर, इंडियानापोलिस कोल्ट्समध्ये इंटर्न म्हणून आला. इंटर्न म्हणजे फिल्म कापायच्या, कार्डं बनवायची, जुनंच काम. पुढे तिथेच पेटन मॅनिंगचा क्वार्टरबॅक कोच झाला.

खरं कसब दिसलं २०१७ साली फिलाडेल्फिया ईगल्समध्ये. तेव्हा राइक ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (हल्ल्याच्या बाजूचा कोच) होता, आणि मुख्य कोच डग पीडरसन हाही एकेकाळचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्वचा बॅकअप. डिसेंबरात पहिला क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झचा गुडघा गेला आणि बॅकअप निक फोल्स उतरला. वेंट्झ पळणारा, सुटून जाऊन फेकणारा. फोल्स पॉकेटमध्ये (आपल्या ब्लॉक करणाऱ्यांच्या आडोशात) उभा राहून वेळेवर चेंडू सोडणारा. वेंट्झचं प्लेबुक त्याच्या गळ्यात बांधण्याऐवजी या दोघांनी फोल्सला आधीपासून जमणारे आरपीओ (रन-पास ऑप्शन, धाव की पास ते ऐनवेळी ठरवायची चाल) वाढवले.

आरपीओत क्वार्टरबॅक एकाच डिफेंडरवर नजर ठेवतो, बहुधा लाइनबॅकरवर (डिफेन्सच्या मधल्या फळीतल्या गड्यावर). चेंडू रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या) पोटाशी धरायचा. लाइनबॅकर धाव रोखायला पुढे आला, तर चेंडू काढून घेऊन त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत फेकायचा. तो जागेवर राहिला, तर चेंडू बॅकला देऊन टाकायचा. बिघडतं ते उशिरामुळे. आपले लाइनमन (पुढच्या फळीतले गडी) धावेसाठी ब्लॉक करत पुढे चाललेले असतात. एनएफएलमध्ये पास सुटेपर्यंत त्यांतला कुणी एका यार्डापलीकडे गेला की पाच यार्डांची पेनल्टी. हायस्कूलच्या नियमांत जरा जास्त मोकळीक आहे, पण अर्धा सेकंद विचार करत बसलास तर तिथेही फ्लॅग पडतोच. फोल्सने सुपर बोलमध्ये (एनएफएलच्या फायनलमध्ये) ३७३ यार्ड फेकले, ईगल्स ४१–३३ जिंकले. समोर न्यू इंग्लंडचा नावाजलेला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी होता, हे विसरू नकोस.

मुख्य कोच म्हणून राइकचं सगळंच छान झालं असं नाही. कोल्ट्सबरोबर पहिल्या हंगामात १–५ (एक विजय, पाच पराभव) वरून १०–६ पर्यंत मजल मारली, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी त्याला काढलं. आणि गंमत बघ, पुढच्याच महिन्यात त्याच कोल्ट्सनी मिनेसोटाविरुद्ध ३३–० आघाडी घालवली, आणि राइकच्या संघाचा ३२ गुणांची पिछाडी भरून काढण्याचा विक्रम त्यांच्याच डोळ्यांदेखत मोडला. पुढे कॅरोलायना पँथर्सचा मुख्य कोच म्हणून ११ सामन्यांत एकच विजय, तिथूनही नारळ मिळाला. एखाद्याला शिकवता येणं आणि अख्खा संघ चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

आता आपल्याकडचं. शिवाजी पार्कचे रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. तरी सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी त्यांच्या हाताखाली घडले. ते स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला बाद करील त्या बोलरचं ते नाणं, कुणीच बाद करू शकलं नाही तर सचिनचं. दमलेल्या पोराची एकाग्रता सत्राच्या शेवटी ढिली पडते, नाण्याने नेमकी तीच वेळ धरली.

त्यांचेच शिष्य चंद्रकांत पंडित. ते विकेटकीपर, आणि माझ्या मते क्वार्टरबॅकच्या सगळ्यांत जवळची क्रिकेटमधली जागा तीच, कारण पूर्ण मैदान समोर दिसतं. १९९९ साली मध्य प्रदेशचे कप्तान म्हणून बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजी फायनल हरले. २०२२ साली त्याच मैदानावर त्याच मध्य प्रदेशचे कोच म्हणून जिंकले, तेही स्वतःच्या मुंबईला हरवून.

तालमीतल्या वस्तादाला कुणी विचारत नाही, तुम्ही किती गदा जिंकल्या. पोराचा डाव कुठे फसतो ते त्याला दिसतं का, एवढंच बघतात. आजोबा म्हणतात ते याच हिशेबाने.

राहता राहिलं प्रत्यक्ष काय करायचं. गुरुपौर्णिमा म्हणजे आषाढी पौर्णिमा, बहुधा जुलैतच येते, म्हणजे तुमचं समर वर्कआउट चालू असताना. सकाळी सरावाआधी जाऊ नकोस, तेव्हा कोचचं डोकं दुसरीकडे असतं. सगळं आवरल्यावर जा. न सांगता पायाशी वाकलास तर ते दचकून मागे सरकतील, म्हणून आधी दोन वाक्यांत सांग, की आज आमच्याकडे शिक्षकांना नमस्कार करायचा दिवस आहे. मग वाक, किंवा उभ्यानेच हात जोड, दोन्ही चालतं. आपल्याकडे फूल, श्रीफळ, पेढे देतात. नारळाचं ते काय करतील, तो राहू दे. पेढे दे, पण पिस्ता न लावलेले, आणि दुधाचे आहेत हे आधी सांग, कुणाला अ‍ॅलर्जी असू शकते. रोख रक्कम किंवा महागडी वस्तू नको, शाळांचे भेटींबाबत नियम असतात.

सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी दे. त्यात नुसतं "थँक यू फॉर एव्हरीथिंग" लिहू नकोस. त्यांनी शिकवलेली एकच गोष्ट नेमकी लिही. तुझा पास उंच जायचा तेव्हा पुढचं पाऊल लांब पडतंय हे त्यांनी दाखवलं आणि ते सहा इंच आखूड करायला लावलं, ती लिही.

पेढे मी शुक्रवारी पाठवते. फ्रिजमध्ये ठेव.

तुझी,
आई