माडावर चढण्याआधी हे कागद बघ

बाबू, कोयती आणि चेनसॉ घेतलास म्हणून झाडतोडीचा ठेकेदार झालास असं नव्हे. आंबा, फणस मालकाच्या परसातले असले तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यात येतात. रत्नागिरी, चिपळूणसारख्या शहरात झाडं राखण्याचा 1975 चा कायदा वेगळा, तिथे अर्ज नगरपरिषदेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे. मालक म्हणेल, ‘मी बघतो सगळं’. परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय कुऱ्हाड लावू नकोस.

चढताना बांधायचा सुरक्षा पट्टा अंगभर बसणारा घे, आयएस 3521 (अशा पट्ट्यांचं भारतीय मानक) छाप बघून. आमचा एक गडी पावसाळ्यात शेवाळलेल्या माडावर घसरला. दोरीने धरला म्हणून वाचला. खाली आणल्यावर बघतो तर काथ्याचा सुंभ, म्हणजे तीच दोरी, अर्धा कातरलेला, त्याच्याच कोयतीने! तेव्हापासून कापायच्या जागी दोन दोऱ्या, त्यातली एक तारेची. सुंभ तर मी आता फक्त फांद्या बांधायला ठेवतो.

विजेची तार जवळ असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घे, लायनमन समोर उभा असताना. फोनवरच्या ‘केली बंद’वर माणूस चढवू नकोस. माडावर चढणाऱ्या गड्यांसाठी नारळ विकास मंडळाचा ‘केरा सुरक्षा’ विमा आहे, तो पहिल्याच आठवड्यात काढ.