बेळगाव-खानापूर भागात ऑफरोडिंगसाठी सीबी रेडिओ कोणता घ्यावा आणि गाडीत कसा बसवावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पाच गाड्यांचा ग्रुप आहे, त्यात दोन जुन्या सॉफ्ट-टॉप थार. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि तिकडे चंदगडच्या बाजूला तुम्ही फिरता. मोबाइलला रेंज नसते, म्हणून सीबी, म्हणजे गाडी ते गाडी बोलायचा सिटिझन्स बँडचा रेडिओ, बसवायचाय. कुठला सेट घ्यावा, परवाना लागतो का आणि तो गाडीत लावायचा कसा? मी बेळगावचाच. हेच रस्ते आणि हीच अडचण माझ्याही वाट्याला आली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी परवान्याचं. २००५ च्या केंद्र सरकारच्या नियमानुसार २६.९५७ ते २७.३८३ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात, ५ वॅटपर्यंतच्या कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट आहे. मात्र या पट्ट्यावर आपला हक्क नाही. आपल्यामुळे दुसऱ्याला अडथळा होता कामा नये आणि दुसऱ्यामुळे आपल्याला झाला तर संरक्षण मागता येत नाही. आता बाजारात दिसणारे बहुतेक सेट अमेरिकेच्या ४० चॅनलच्या रचनेवर बनलेले असतात. त्यांचं पहिलं चॅनल २६.९६५ वर आणि चाळिसावं २७.४०५ वर. आपली हद्द २७.३८३ ला संपते. सदतिसावं चॅनल २७.३७५ वर, म्हणजे हद्दीत. अडतिसावं २७.३८५ वर, म्हणजे बाहेर. त्यामुळे ३८, ३९ आणि ४० ही तीन चॅनल आपल्यासाठी नाहीतच असं धरून चाला आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा. एसएसबी (सिंगल साइडबँड, आवाज पाठवायची एक वेगळी पद्धत) असलेल्या सेटचंही तेच. अमेरिकेत एसएसबीला १२ वॅट चालतात, आपल्याकडे मर्यादा ५ ची. साधा एएम सेट ४ वॅटचा असतो, तेवढा पुरे.

सेटला भारतातली उपकरण-मंजुरी आहे का, हे विकणाऱ्याकडून कागदावर घ्या. आणि गाडीवर बाहेरून वेगळा अँटेना लावणार असाल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेला (रेडिओचे परवाने हीच शाखा बघते) आधी लेखी विचारा, आलेल्या उत्तराची प्रत गाडीत ठेवा. हा सल्ला मी उगाच देत नाही. आपल्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाचा तळ आहे, आणि खानापूर तालुक्यात भीमगडचं अभयारण्य आहे. अशा भागात गाडीवर लांब काठी आणि हातात माइक दिसला की नाक्यावर कोणीही थांबवून विचारणारच आणि त्यांनी विचारावंच. कागद दाखवला की दोन मिनिटांत प्रश्न मिटतो. अभयारण्याच्या हद्दीत तर रस्ता सोडून गाडी घालणंच चूक आहे, तिथे रेडिओचा प्रश्नच येत नाही.

आता मुद्द्याचं. लोक सेट निवडण्यात दोन महिने घालवतात आणि अँटेना मात्र दुकानदार देईल तो घेतात. मी उलट सांगेन. सेट साधा घ्या, पैसे आणि वेळ अँटेनावर आणि तो बसवण्यावर घाला. ४ वॅटचा सेट आणि ५ वॅटचा सेट यांतला फरक कानाला कळत नाही. पण अँटेना नीट बसला नसेल तर त्या ४ वॅटमधला मोठा वाटा बाहेर पडतच नाही, केबलमधून परत सेटकडे येतो. या परत येण्याचं माप म्हणजे एसडब्ल्यूआर. तो १.५ असेल तर जवळपास ४ टक्के शक्ती परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. तीनच्या वर नुसती आवाजाची बोंब होत नाही, सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर तापून जायची भीती असते. अँटेना न जोडता माइकचं बटण दाबणं तर कधीच नको.

हे मी अंगावर घेऊन शिकलो. आमच्या तीन गाड्या पावसाळ्यात कणकुंबीच्या पुढे निघाल्या होत्या. मी पुढे, मागची गाडी अर्ध्या किलोमीटरवरही नसेल. धुकं इतकं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. मी विचारतोय, "आवाज येऊलाय काय रे?" आणि पलीकडून नुसती खरखर. मागची गाडी चिखलात रुतून थांबली होती, तो माणूस मला हाका मारत होता, आणि मी चालतच राहिलो. वीस मिनिटांनी मागे वळलो तेव्हा तो गुडघाभर चिखलात फावडं घेऊन उभा होता. त्या दिवशी कोणाला काही झालं नाही, पण घरी येईपर्यंत मला चैन पडलं नाही. दुसऱ्या दिवशी एसडब्ल्यूआरचा मीटर लावला तर काटा तीनच्या पुढे. ब्रॅकेट उघडलं तर खाली बंपरचा रंग जसाच्या तसा. रंगावर ब्रॅकेट आवळलं होतं, म्हणजे अँटेनाला गाडीचं लोखंड मिळालंच नव्हतं. पॉलिश पेपरने चार बोल्टांखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला, खाली दातेरी वॉशर घातले, वरून ग्रीस लावलं. काटा १.४ वर आला. सेट तोच, अँटेना तोच.

असं होण्यामागचं कारण लक्षात घेतलंत तर बाकी सगळं सोपं जाईल. २७ मेगाहर्ट्‌झची लहर साधारण ११ मीटर लांब. तिच्या पाव लांबीचा अँटेना म्हणजे पावणेतीन मीटर, जवळपास नऊ फूट. तेवढी काठी झाडाखालून नेणं अशक्य. म्हणून चार फुटांच्या फायबरग्लासच्या काठीवर तार गुंडाळून ती लांबी भरून काढलेली असते. अँटेनाचा हा अर्धा भाग झाला, दुसरा अर्धा भाग म्हणजे गाडीचं लोखंड. गाडीचा पत्रा अँटेनाला जोडलेला नसेल तर तुम्ही अर्ध्याच अँटेनावर बोलताय. तुमच्या थारना छतावर पत्रा नाही, कापड आहे. त्यामुळे छताचा विचार सोडा. मागच्या बंपरवर किंवा स्पेअर व्हीलच्या चौकटीजवळ जाड पत्र्याचं ब्रॅकेट करून घ्या. बेळगावच्या उद्यमबागेत वर्कशॉपमध्ये असं ब्रॅकेट तासाभरात होतं, फक्त ५ मिलीमीटर पत्रा सांगा आणि अँटेनाचा स्टड (काठी ज्यावर बसते तो बोल्ट) सोबत न्या म्हणजे भोक बरोबर पडेल. काठीचा निम्मा तरी भाग गाडीच्या अंगाच्या वर यायला हवा. बाकीच्या लोखंडी छताच्या गाड्यांना छताची कड सर्वांत चांगली. चुंबकाचे अँटेना शहरात ठीक, पण कारवीतून आणि खाली आलेल्या फांद्यांतून जाताना ते पहिल्या दहा मिनिटांत गळून पडतात. काठीच्या बुडाशी जाड स्प्रिंग मात्र लावाच, नाहीतर फांदी लागली की ब्रॅकेटच वाकतं.

स्टड बसवताना एक छोटा नायलॉनचा वॉशर येतो, त्याला एका बाजूला खांदा असतो. तो खांदा ब्रॅकेटच्या भोकात बसला पाहिजे. उलटा बसला तर मधली तार ब्रॅकेटला टेकते आणि अँटेना शॉर्ट होतो. मल्टिमीटर घेऊन दोन गोष्टी तपासा. काठी काढून केबलची मधली पिन आणि बाहेरचं कडं यांच्यात जोड दाखवता कामा नये. बाहेरचं कडं आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मात्र जवळपास शून्य ओहम यायला हवा.

केबल ५० ओहमची घ्या. टीव्हीची केबल ७५ ओहमची असते, ती चालणार नाही. उरलेली केबल घट्ट गुंडाळून सीटखाली कोंबू नका, फूटभर रुंदीच्या सैल वळशांत ठेवा. दार तिच्यावर आपटेल अशा जागेतून नेऊ नका. बाहेरच्या जोडाला आधी स्वतःला चिकटणारा रबरी टेप, त्यावर साधा टेप, आणि जोडाच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. आपल्याकडच्या पावसात एका मोसमात पाणी केबलच्या जाळीत चढतं, आणि मग कितीही ट्यूनिंग करा, काटा खाली येत नाही.

वीज थेट बॅटरीवरून घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून घेतली की अल्टरनेटरची शिट्टी आवाजात घुसते, रेस वाढवली की तीही वाढते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, पॉझिटिव्हवर. बोलताना सेट साधारण २ अँपिअर ओढतो, त्यामुळे तार फार जाड लागत नाही, पण ती इंजिनाच्या गरम भागापासून लांब बांधा. आणि सेट चालू करून खरखर ऐकू आली तर रेडिओला दोष देण्याआधी मोबाइलचा स्वस्त यूएसबी चार्जर काढून बघा, मग एलईडी बार बंद करून बघा. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा गुन्हेगार तिथेच सापडतो.

आता ट्यूनिंग. हे गॅरेजमध्ये करू नका, मोकळ्या मैदानात करा. आम्ही येळ्ळूरच्या राजहंसगडाखालच्या माळावर जातो. दारं बंद, बॉनेट बंद, अँटेनाजवळ कोणी उभं नको. सेट आणि केबल यांच्यामध्ये एसडब्ल्यूआरचा मीटर लावा. मीटरचा स्विच 'फॉरवर्ड'वर ठेवून माइकचं बटण दाबा, काहीही न बोलता मीटरची घुंडी फिरवून काटा खुणेवर आणा, मग स्विच दुसऱ्या बाजूला करून आकडा वाचा. हे चॅनल १, १९ आणि ३७ वर करून आकडे वहीत लिहा. सदतिसाव्या चॅनलचा आकडा पहिल्या चॅनलपेक्षा जास्त असेल तर काठी लांब आहे, कमी करायची. पहिल्या चॅनलचा जास्त असेल तर काठी आखूड आहे, वाढवायची. टोकाला स्क्रू असलेला अँटेना घेतलात तर हे बोटाने होतं. नुसती तार असेल तर एका वेळी दोन-तीन मिलीमीटरच कापा, कापलेलं परत जोडता येत नाही. तिन्हीकडे १.५ च्या आसपास आला की थांबा. १.१ साठी अख्खी दुपार घालवण्यात अर्थ नाही.

सेट कुठला, तर कोब्रा, युनिडेन, प्रेसिडेंट, मिडलँड ही नावं या कामात जुनी आहेत. मंजुरीचा कागद मिळेल तो घ्या. छोट्या डॅशबोर्डला सगळी बटणं माइकमध्येच असलेला सेट बरा, मुख्य डबा सीटखाली जातो. स्पीकर खाली तोंड करून असेल तर चढावर इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही, वेगळा छोटा स्पीकर डोक्याच्या पातळीवर लावा. ज्यांना हे सगळं नको वाटेल त्यांच्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झचे कमी शक्तीचे वॉकीटॉकी आहेत, २०१८ च्या नियमाने त्यांनाही सूट आहे. जवळजवळच्या गाड्यांना चालतात, दाट झाडीत लवकर दम तोडतात. ऑनलाइन मिळणारे, सूट नसलेल्या इतर पट्ट्यांचे आणि मंजुरी नसलेले स्वस्त सेट मात्र घेऊ नका. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल ऑनलाइन बाजारांना नोटिसा काढल्या, त्या याच कारणाने. ग्रुपमधल्या एखाद्याला खरी आवड असेल तर त्याने हॅमची, म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याची, परीक्षा द्यावी, ती वाट वेगळी आणि फार सुंदर आहे.

पल्ल्याबद्दल: मोकळ्या सड्यावर गाडी ते गाडी चार-पाच किलोमीटर मिळतात, घाटात वळण आडवं आलं की एक-दीडवर येतं. कधी दुपारी अचानक लांबच्या देशातले आवाज कानी येतील, ते आकाशातल्या थरावरून परावर्तित होऊन आलेले असतात. घाबरू नका, स्क्वेल्च (नको असलेली खरखर दाबणारी घुंडी) थोडा वाढवा. अमेरिकेत नवव्या चॅनलवर आणीबाणीची हाक ऐकायला लोक असतात, असं तुम्ही वाचलं असेल. आपल्याकडे खानापूरच्या रानात त्या चॅनलवर कोणीही बसलेलं नाही. तुमचं ऐकणार ते तुमचेच चार जण. म्हणून पाचही गाड्यांत सेट हवा, चार गाड्यांत असून उपयोग नाही. आणि ज्याची गाडी सगळ्यात चांगली बोलते त्याला शेवटी ठेवा, पुढे नाही. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोला, माइक तोंडापासून चार बोटं, बोलणं झालं की "संपलं" म्हणा. निघण्यापूर्वी घरच्यांना रस्ता आणि परतायची वेळ सांगा, ११२ ला लावायचं झालं तरी रेंजपर्यंत चालत कोण जाणार ते आधीच ठरवा.

पिरनवाडी सोडलं की किणयेच्या पुढे एकदा सगळ्यांनी हजेरी द्यायची, जांबोटीला दुसऱ्यांदा. तिथे एकाचाही आवाज फाटका आला तर पुढे जायचं नाही, चहा घेत घेत त्याच्या ब्रॅकेटचे बोल्ट आवळायचे. वळण्याजोगी शेवटची मोकळी जागा आम्हाला तीच सापडली आहे.