‘अंशतः खरे आहे’ म्हणजे किती खरे?

प्रश्न : आमच्या गावच्या नळपाणी योजनेबद्दल आमदारांना निवेदन दिले होते. त्यावर विधानसभेत तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचा) प्रश्न लागला. छापील उत्तर आले ते असे : ‘(१) हे खरे आहे. (२) अंशतः खरे आहे. (३) प्रकरणी कार्यवाही सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.’ यातून गावाने काय समजायचे?
– पारोळा तालुक्यातील वाचक

उत्तर : नुसते उत्तर वाचू नका. प्रश्नाचा तोच क्रमांक शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहा. विधिमंडळातल्या प्रश्नाचा साचा वर्षानुवर्षे ठरलेला आहे. पहिल्या भागात घटना सांगून ‘निदर्शनास आले, हे खरे आहे काय’ असे विचारतात. दुसऱ्यात त्या घटनेचा तपशील येतो. तिसऱ्यात ‘असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’.

लोकांना राग येतो तो ‘प्रश्न उद्भवत नाही’ या ओळीचा. तो राग वाया जातो. कार्यवाही सुरू आहे असे तिसऱ्या भागात म्हटल्यावर विलंबाचे कारण सांगायचे उरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. खरी गोम पहिल्या ओळीत असते. तुमच्या प्रश्नात ‘योजनेचे काम निकृष्ट असल्याची तक्रार ग्रामस्थांनी केली आहे, हे खरे आहे काय’ असे असेल, तर ‘हे खरे आहे’ म्हणजे तक्रार आली होती, हे खरे. काम निकृष्ट असल्याचे कोणीही कबूल केलेले नाही. अशा एका ओळीवर गावात पेढे वाटले जातात आणि चौकशी अहवाल आला की तोंडे उतरतात.

‘अंशतः’चे मूळ बहुतेक वेळा प्रश्नातच असते. ‘टाकी अर्धवट आहे, जलवाहिनी जमिनीत पुरेशी खोल टाकलेली नाही व गावाला आठ दिवसांआड पाणी मिळते, हे खरे आहे काय’ अशी तीन विधाने एकाच भागात कोंबली, की त्यातले एक खोडून ‘अंशतः खरे आहे’ लिहिता येते. खोडले कोणते, ते सांगावे लागतेच असे नाही.

उत्तर तयार कसे होते, तेही ध्यानात घ्या. प्रश्न विधानमंडळ सचिवालयाकडून मंत्रालयातल्या विभागाकडे जातो. तिथला कक्ष अधिकारी जिल्ह्याकडून माहिती मागवतो. पाणी योजना असेल तर मागणी जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात येते, कार्यकारी अभियंता उपअभियंत्याला सांगतो, उपअभियंता शाखा अभियंत्याला. म्हणजे ज्याने मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाच्या मापांच्या वहीत) नोंदी केल्या, पहिला मसुदा त्याच्याच टेबलावर. पुढे वरचे लोक भाषा सारखी करतात आणि मंत्र्यांच्या मान्यतेने उत्तर छापले जाते. यात दर वेळी लबाडी असते असे नाही. मुदत थोडी असते, म्हणून जागेवर न जाता फायलीत जे आहे ते लिहिले जाते.

राहिली तिसरी ओळ. अहिराणीत ज्याला ‘हुई जाई’ (होऊन जाईल) म्हणतात, त्याचेच मंत्रालयी रूप म्हणजे ‘कार्यवाही सुरू आहे’. सोबत तारीख नसेल तर त्या ओळीला वजन नाही.

प्रश्न : आमदारसाहेब म्हणाले, ‘प्रश्न तुम्हीच लिहून आणा, मी टाकतो.’ तो कसा लिहावा? केव्हा द्यावा?
– शिंदखेडा तालुक्यातील वाचक

उत्तर : आधी वेळेचे. राज्य विधिमंडळाची वर्षाला तीन अधिवेशने असतात. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. तारांकित प्रश्न अधिवेशन सुरू होण्याच्या महिनाभराहून अधिक आधी सादर करावे लागतात. अधिवेशनाची बातमी वाचून आमदारांच्या कार्यालयात धावणाऱ्याचा प्रश्न पुढच्या अधिवेशनावर जातो. पावसाळी अधिवेशन डोळ्यांपुढे असेल तर गुढीपाडव्याला माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये, मजकूर १५० शब्दांच्या आत, विषय एकच. कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे, म्हणजे आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) कागद हाती यायला हवेत. ते आले नाहीत तरी अर्जाची पोच प्रश्नासोबत जोडता येते.

आता मजकूर. ‘हे खरे आहे काय’ टाळता येईल तिथे टाळा. त्याऐवजी आकडा किंवा तारीख मागा. नमुना असा :

‘शिंदखेडा तालुक्यातील जलजीवन मिशनच्या अपूर्ण योजनांबाबत (१) गावनिहाय कार्यारंभ आदेशाचा दिनांक व काम पूर्ण करण्याची मुदत काय होती, (२) मोजमाप पुस्तिकेनुसार प्रत्येक योजनेचे किती काम झाले व ठेकेदारास आजअखेर किती रक्कम अदा केली, (३) नळजोडणी दिलेल्या घरांपैकी किती घरांना दरडोई दररोज ५५ लिटर पाणी मिळते, (४) मुदतवाढ किती वेळा दिली व किती दंड आकारला?’

यातल्या एकाही भागाला ‘अंशतः खरे आहे’ असे उत्तर देता येत नाही. ५५ लिटर हे त्या योजनेचेच ठरलेले प्रमाण असल्याने ‘नळ बसवला’ म्हणून सुटकाही नाही. नुसते आपल्या गावाचे नाव घातले तर विषय फार छोटा म्हणून प्रश्न गळू शकतो. तालुका घ्या आणि गावांची नावे जोडपत्रात द्या.

प्रश्न गळण्याची बाकीची कारणे नेहमीचीच. विषय न्यायप्रविष्ट असणे, मंत्र्यांचे ‘मत’ विचारणे, उपरोध किंवा आरोपाची भाषा, किंवा जी बाब शासनाच्या अखत्यारीत नाही ती विचारणे. ‘भ्रष्ट अधिकाऱ्यांना पाठीशी घालणाऱ्या’ असले शब्द सभेत टाळ्या मिळवतात, सचिवालयात कात्री.

एक बारकावा. तारखेची पक्की खात्री नसेल तर ‘माहे मार्च मध्ये वा त्या दरम्यान’ असेच लिहा. हे शब्द नुसते वळणाचे वाटतात, पण ते नसले तर घटना ३१ मार्चऐवजी २ एप्रिलची निघाली एवढ्यावर ‘हे खरे नाही’ असे उत्तर येऊ शकते.

प्रश्न : केळीच्या फळपीक विम्याची भरपाई अडकली आहे. कंपनी शासनाकडे बोट दाखवते, शासन कंपनीकडे. प्रश्न विधानसभेत टाकावा की लोकसभेत?
– रावेर तालुक्यातील शेतकरी

उत्तर : दोन्हीकडे, पण वेगवेगळा. हवामान आधारित फळपीक विम्यात शेतकऱ्याच्या हप्त्याशिवाय केंद्र आणि राज्य, दोघांचा हप्ता अनुदानाचा वाटा असतो. राज्याचा वाटा कंपनीला पोहोचला नाही की भरपाई अडते, असे पुन्हा पुन्हा घडले आहे. म्हणून विधानसभेत ‘शेतकऱ्यांना भरपाई मिळाली नाही, हे खरे आहे काय’ विचारण्यात अर्थ नाही. राज्य हिश्श्याचा पहिला व दुसरा हप्ता कंपनीला कोणत्या तारखेला दिला, हे विचारा. जोडीला महसूल मंडळनिहाय अर्ज किती, अपात्र किती आणि कोणत्या कारणाने, हे मागा. तुमची तक्रार कमी तापमानाची असेल तर आपल्या मंडळातल्या हवामान केंद्राची त्या दिवसांची नोंद मागा. केंद्र बंद असेल तर शेजारच्या कोणत्या केंद्राची आकडेवारी धरली, तेही. कमी तापमानाच्या भरपाईचे गणित त्या यंत्राच्या आकड्यावर चालते, बागेतल्या पाहणीवर नाही, आणि भांडण बहुतेक तिथेच असते.

लोकसभेत केंद्राच्या हिश्श्याची तारीख आणि कंपनीवर लावलेले विलंब व्याज विचारता येईल. रावेर, चोपडा, भुसावळ, जामनेर, मुक्ताईनगर हे विधानसभा मतदारसंघ रावेर लोकसभेत येतात.

प्रश्न : मनमाड–इंदूर रेल्वेबाबत धुळ्याच्या खासदारांना पत्र दिले, उत्तर नाही.
– शिरपूर येथील वाचक

उत्तर : जिल्हा धुळे असला तरी शिरपूर आणि साक्री हे विधानसभा मतदारसंघ नंदुरबार लोकसभेत आहेत. पत्र तिकडे द्या. या ३०९ किलोमीटरच्या, १८,०३६ कोटींच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. निधी आणि निविदा रेल्वे मंत्रालयाला विचारायच्या. जमिनीची मोजणी भूमी अभिलेख खात्याकडे, म्हणजे राज्याच्या महसूल विभागाकडे, तेव्हा तो प्रश्न आमदारांमार्फत. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित व २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात आणि क्रम सोडतीने ठरतो. खासदारांना दोन्ही प्रकारांत सूचना द्यायला सांगा. अतारांकिताला उपप्रश्न (उत्तरावर सभागृहात विचारले जाणारे पुढचे प्रश्न) नसतात, पण आकडेवारीचे तक्ते जोडलेली उत्तरे त्यातच जास्त मिळतात.

प्रश्न : माझे शिधापत्रिकेतले नाव वर्षभर चढत नाही. आमदारांनी विधानसभेत विचारावे काय?
– नवापूर येथील वाचक

उत्तर : नाही. एका व्यक्तीचे प्रकरण प्रश्नात बसत नाही. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अर्ज करून पोच घ्या, मुदत टळली की ३० दिवसांत प्रथम अपील करा. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, तिथेही जा.

प्रश्न : उपप्रश्नाला उत्तर देताना मंत्री सभागृहात म्हणाले, ‘तीन महिन्यांत चौकशी करून कारवाई करू.’ तीन महिने उलटून गेले.
– चोपडा तालुक्यातील वाचक

उत्तर : छापील उत्तरापेक्षा हे वाक्य तुमच्या जास्त कामाचे आहे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द हे आश्वासन ठरते आणि त्याचा माग ठेवायला आश्वासन समिती असते. (संसदेत आश्वासनपूर्तीला तीन महिन्यांची मुदत धरलेली आहे.) वर्तमानपत्रातले कात्रण यासाठी पुरत नाही. आमदारांच्या कार्यालयामार्फत त्या दिवसाच्या कार्यवाहीचा उतारा काढा. त्यात मंत्र्यांचे शब्द जसेच्या तसे असतात. ‘तपासून घेऊ’ आणि ‘कारवाई करू’ यांतला फरक तिथेच कळतो.

मग आमदारांच्या सहीचे पत्र समितीच्या अध्यक्षांना. त्यात दिनांक, प्रश्न क्रमांक, विभाग आणि मंत्र्यांचे वाक्य अवतरणात. मंत्री विधानसभेत बोलले असतील तर विधानसभेच्या समितीला, विधान परिषदेत बोलले असतील तर परिषदेच्या. पत्राची एक प्रत संबंधित विभागाच्या सचिवांना द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायला विसरू नका.